सरकारी पत्र हातात आलं की या चुका टाळा

चोपडा, यावल, शिरपूर, कुठल्याही तहसीलच्या आवारात थोडा वेळ उभं राहा. कुणीतरी घडी केलेला कागद पुढे करतंच, "भाऊ, यामां काय लिखेल शे?" विचारणारा अडाणी असतो असं नाही. "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये" ने सुरू झालेलं वाक्य सहाव्या ओळीपर्यंत संपत नसेल तर पदवीधरही गडबडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओळखीचा शब्द दिसला की अर्थ कळला असं धरून चालणं. पत्रात लिहिलेलं असतं, "विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न झाल्याने सदर प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे." शेतकरी "दाखल" वाचतो आणि निर्धास्त होतो, अर्ज घेतला म्हणून. प्रत्यक्षात फाईल बंद झालेली असते. "नस्तीबद्ध" म्हणजेही तेच. "निकाली काढला" म्हणजे काम झालं असं नाही, अर्ज फेटाळलेलाही असू शकतो. यातलं काहीही दिसलं तर लगेच कार्यालय गाठा, कारण मुदत धावत असते. महसूल अधिनियम 1966 च्या कलम 250 प्रमाणे तहसीलदार किंवा प्रांतांच्या आदेशावर अपिलाला 60 दिवस मिळतात, आणि ते आदेश हातात पडल्यापासून मोजतात. म्हणून पाकीट फेकू नका. मिळाल्याची तारीख पत्रावरच लिहून ठेवा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला तर 15 च दिवस असतात.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे हे जास्त जिव्हारी लागतं. तिथे घरात भिली किंवा पावरी बोलतात, मराठी शाळेत भेटते, आणि वनहक्काचा दावा "अमान्य" झाल्याचं पत्र या असल्या मराठीत येतं. त्यावरही वरच्या समितीकडे जायला 60 दिवस आहेत आणि दावा का नाकारला ते लेखी कळवणं बंधनकारक आहे. कारण दिलं नसेल तर मागून घ्या.

दुसरी चूक, पत्र वरून वाचत बसणं. आधी तळाशी "प्रत" लिहिलेल्या ओळी बघा. "उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित" असेल तर तुमचं काम आता त्या दुसऱ्या कार्यालयात गेलंय. जावक क्रमांक आणि तारीख टिपून तिथे जा. जुन्या टेबलाशी हेलपाटे मारून काही होणार नाही.

आपला अर्जही त्याच भाषेत लिहून घेऊ नका. बाहेर बसलेला लिहिणारा पानभर "विनंतीपूर्वक सादर" करतो आणि गट नंबरच राहून जातो. एवढं पुरतं: "गाव अमुक, गट नंबर तमुक. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव धुडकूऐवजी धोंडकू लागलं आहे. महसूल अधिनियमाच्या कलम 155 प्रमाणे दुरुस्त करावं. जुना हस्तलिखित उतारा जोडला आहे." दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. त्यात "माझं काम का झालं नाही?" असं विचारू नका, माहिती उपलब्ध नाही असं उत्तर येईल. फाईलमधल्या टिपणीची प्रत मागा आणि फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस होती ते मागा. शासकीय कामातल्या विलंबाविरुद्धचा 2005 चा कायदा आहे, त्यानुसार फाईल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

राजभाषा अधिनियम 1964 चा. सरकारी कामकाज लोकांच्या भाषेत व्हावं, हाच त्याचा हेतू. बहुतेक कारकून जुना मसुदा समोर ठेवून नवं पत्र उतरवतात, त्यात दुष्टावा नसतो. पण "तुमची फाईल बंद केली आहे, उघडायची तर हे कागद आणा" एवढं लिहायला शाई कमीच लागते, आणि ते न लिहिल्याने माणसाची जमीन जाऊ शकते. तसं लिहिलं जाईपर्यंत विचारायला लाजू नका: "भाऊसाहेब, मी नेमकं काय आणायचं?" उत्तर तोंडी मिळालं तर तिथेच कागद पुढे करा आणि कागदपत्रांची नावं त्यांच्या हाताने लिहून घ्या.