सीनियरची आउटलाइन घेण्याआधी

जेडीला, म्हणजे कायद्याच्या पदवीला, अमेरिकेत आलात की पहिल्याच आठवड्यात लॉबीत ग्रीक अक्षरांचे बॅनर लावून सीनियर बसलेले दिसतील. या लॉ फ्रॅटर्निटी, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या संघटना. सिनेमातली पार्ट्यांची घरं डोक्यातून काढून टाका, इथे मुलंमुली दोघंही सभासद असतात. फाय डेल्टा फाय तर १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठात फ्रॅटर्निटी म्हणून सुरू झाली, २०१२ पासून ती ऑनर सोसायटी, म्हणजे चांगल्या ग्रेडवाल्यांची संस्था, आहे. तिच्या शाखांना लंडनच्या वकिलांच्या संस्थांवरून ‘इन’ म्हणतात.

मीही एकीत गेले, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. वर्गात सरांनी अचानक माझं नाव पुकारलं, तेव्हा केस वाचलेली असूनही तोंडातून शब्द फुटेना. त्या संध्याकाळी एका सीनियरताईनं मला शेजारी बसवून तीच केस तीनदा मांडायला लावली. परक्या गावात याचं मोल फार.

आता मी कुठे फसले ते. संघटनेच्या ड्राइव्हवर जुन्या आउटलाइन्सचा, म्हणजे परीक्षेसाठी काढलेल्या अख्ख्या विषयाच्या सारांशांचा, ढीग असतो. २०२४ च्या फॉल सत्रात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉसाठी, म्हणजे सरकारी यंत्रणांच्या कारभाराच्या कायद्यासाठी, मी तिथून दोन वर्षांपूर्वीची, ‘ए’ मिळवलेल्या कुणाची तरी आउटलाइन उचलली. तिचा कणा होता शेव्हरॉन, म्हणजे १९८४ चा निकाल: कायदा संदिग्ध असेल तर सरकारी यंत्रणेनं लावलेला वाजवी अर्थ कोर्टानं मानायचा. जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो मोडीत काढला. मला हे माहीत नव्हतं का? होतं! वर्गात शिकवलं होतं, माझ्या वहीत होतं. आउटलाइनमधल्या शेव्हरॉनच्या पानावर लाल पेनानं काटही मारली होती. पण शेवटच्या पानावरच्या चेकलिस्टमध्ये शेव्हरॉनच्या दोन पायऱ्या तशाच राहिल्या. ओपन बुक पेपर, तीन तास, घड्याळाकडे लक्ष. हात चेकलिस्टकडे गेला आणि अख्खं उत्तर मेलेल्या निकालावर उभं राहिलं. बी मायनस.

म्हणून सांगते: आउटलाइनची नुसती तारीख तपासून भागत नाही. दुसऱ्याच्या आउटलाइनमध्ये त्याच्या प्राध्यापकांचा कल असतो, त्याचं डोकं असतं. आउटलाइन करणं हाच अभ्यास आहे. तयार घेतलीत तर अभ्यास त्याचा झाला, तुमचा नाही.

घाबरू नका, त्या ग्रेडनंतरही मला उन्हाळ्याचं काम मिळालं. पण फाइल पाठवून मोकळा होणारा सीनियर मी मार्गदर्शक मानत नाही. सभासद फी भरण्याआधी लॉबीतल्या त्या टेबलावरच विचारा, “माझं सरावाचं उत्तर वाचून चुका दाखवाल का?” हो म्हणाले, तर खुशाल नाव नोंदवा.