घरच्या आजारपणात या चुका टाळा: नाशिकच्या पंचवटीतल्या मेडिकल काउंटरवरून

लहान मुलांच्या तापाच्या औषधात होणारी चूक मला सगळ्यात जास्त छळते. पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं, थेंब आणि सिरप. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. चव गोड, रंगही सारखाच, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

एका संध्याकाळी एक तरुण बाप आला. ‘थेंबांची बाटली संपली, अजून एक द्या.’ बाटली आदल्या दिवशीच नेलेली, १५ मिलीची. मी विचारलं, ‘दादा, एका दिवसात संपली कशी?’ ड्रॉपर हरवला होता, म्हणून आजीने सिरपसारखा चमचा भरून तीनदा पाजलं होतं. वर्षभराचं, दहा किलोचं बाळ, आणि दर वेळी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी! त्याला एका वेळी दीड मिली पुरलं असतं. बाप म्हणाला, ‘पण ते तर खेळतंय.’ यातच खरा धोका आहे. पॅरासिटामॉल जास्त झालं तरी पहिल्या दिवशी मूल ठणठणीत दिसू शकतं, यकृताला बसलेला मार नंतर कळतो. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. मी त्याला रिकामी बाटली हातात देऊन तिथूनच हॉस्पिटलला पाठवलं. बाळ बचावलं.

माझ्या घरी खोक्यावर पेनाने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: मुलाचं वजन, डॉक्टरांनी सांगितलेले मिली, शेवटचा डोस किती वाजता दिला. ड्रॉपर रबरबँडने बाटलीलाच बांधलेला. दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या. तासाभरात ताप उतरला नाही म्हणून दुसरं औषध मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो. राग आला तरी चालेल.

दुसरी चूक पावसाळा सरताना सुरू होते. सिडको, सातपूरकडे पाण्याचे ड्रम भरलेले, डास दिवसा चावणारे, आणि डेंग्यूचा पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून कामावर हजर! डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखान्यात न्या. घरचे मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून पपईच्या पानांचा रस काढत बसतात. त्यापेक्षा पेशंट पाणी किती पितोय, लघवी किती वेळा होतेय, ते बघा. आणि अंग दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मागू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. ते ग्लासभर पाण्यात कालवू नका.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या साध्या सर्दीवर काहीच करत नाहीत.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय.

छातीत दडपण आणि घाम, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोड्याची पुडी मागू नका. १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स फुकट आहे. मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसता दम लागूनही झटका येऊ शकतो. ईसीजी आधी, बाकी नंतर.

खर्चाच्या भीतीने दुखणं अंगावर काढणं तर फारच वाईट. सिव्हिल हॉस्पिटल आहे, द्वारका चौकाजवळ झाकिर हुसेन, नाशिकरोडला बिटको ही महापालिकेची हॉस्पिटलं आहेत. खासगीत भरती व्हायचं असेल तर हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का, ते आधी विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्र भेटतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला गाठा, बिल हातात पडल्यावर नव्हे.