छपरावरचा एसी उघडायच्या आधी काय काय हाताशी हवं

गेल्या एप्रिलच्या शेवटी आमची कॅम्परव्हॅन सिंधुदुर्गातल्या आचऱ्याजवळ एका ओळखीच्या घराच्या अंगणात उभी होती आणि संध्याकाळचे सात वाजले की छपरावरचा एसी नुसता गुंगुंग करायचा, मग खट्ट आवाज आणि बंद, पंखा चालू पण हवा गरम. जवळच्या गावातून एक मेकॅनिक बोलावला, त्याने पाच मिनिटांत सांगितलं गॅस गेलाय, तांब्याच्या पाईपला टोचायचा वॉल्व्ह लावला, गॅस भरला, पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मस्त थंड, संध्याकाळी सातला परत गुंगुंग. तेव्हा त्या घरातले आजोबा ओटीवरून म्हणाले, "वोल्टेज खंय हा? सांजच्याक आमचो पंप पण उचलणा नाय." मीटर लावला तर प्लगला १८६ व्होल्ट. म्हणजे एसी चांगला होता, आणि तो टोचलेला सांधा महिन्याभरात खरंच गळायला लागला, चांगल्या मशीनला आम्ही स्वतः पैसे देऊन दुखणं लावून घेतलं. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून ही यादी. कोकणात गाडी घेऊन येणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये.

सगळ्यात आधी एसीच्या पाटीचा फोटो मोबाईलमध्ये हवा. ही पाटी बहुतेक वेळा आतल्या ग्रिलमागे किंवा वरच्या झाकणाखाली असते, एकदाच काढा पण स्पष्ट काढा. त्यावर व्होल्टेज, हर्ट्झ, चालू असताना किती अँपियर घेतो, कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे सगळं असतं. काही गाड्यांवर अमेरिकेतून आलेले ११५ व्होल्ट ६० हर्ट्झचे एसी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात, आपल्याकडची लाईट २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो पण हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि जास्त तापतो, तो मे महिन्यात कुरकुरला तर आश्चर्य नको. आणि १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करायच्या ताकदीचं माप) म्हणजे एक टनाहून थोडा मोठा (१२,००० बीटीयूचा एक टन), पत्र्याच्या गाडीला भर उन्हात तेवढा कमीच पडतो. आधी गाडी सावलीत घ्या, पडदे ओढा, मग बोला बिघाड आहे का. सावली मात्र माडाची नको, वरून नारळ किंवा झावळी पडली तर एसीचं झाकण आणि माणसाचं डोकं दोन्ही जाईल.

मग मीटर. साधा मल्टीमीटर तर हवाच पण क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजणारा) असेल तर अर्धं काम झालं, आणि जमलं तर कपॅसिटरही, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा तो छोटा डबा, मोजणारा घ्या. क्लॅम्प मीटर तीन तारांच्या केबलभोवती अडकवून काही कळत नाही, एकाच तारेभोवती लागतो, त्यासाठी मी हातभर लांबीची एक एक्स्टेन्शन बनवून ठेवलीय, बाहेरचं जाड कव्हर सोललेलं पण आतल्या तिन्ही तारांचं प्लास्टिक शाबूत. ती मध्ये जोडायची आणि फेजच्या तारेवर मीटर अडकवायचा. जमत नसेल तर वायरमनकडून बनवून घ्या, आणि मोजून झालं की ती काढून ठेवायची, कायम जोडून चालायचं नाही.

व्होल्टेज दुपारी एक-दोनला आणि संध्याकाळी सात ते दहाच्या मध्ये असं दोनदा मोजा, एसी बंद असताना, चालू होतो त्या क्षणी आणि चालू झाल्यावर, आणि वहीत लिहा. २३० च्या दहा टक्के इकडेतिकडे म्हणजे २०७ ते २५३ मध्ये असेल तर ठीक. त्याखाली गेलं की कॉम्प्रेसर उठायला धडपडतो, करंट जास्त खेचतो, तापतो आणि त्याचं ओव्हरलोड (तापलं की लाईट तोडणारा छोटा स्विच) त्याला बंद करतं, तेच ते खट्ट. ते थंड होऊन परत जुळायला कधी अर्धा तासही लागतो, तोवर माणसं रिमोट दाबून दाबून वैतागतात. बंद झाल्यावर निदान पाच मिनिटं थांबल्याशिवाय परत चालू करू नका, आतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो.

आता वायर, यावर मी जरा जास्तच बोलणार कारण कोकणात घर एकीकडे आणि गाडी उभी करायची जागा दुसरीकडे असते, मध्ये आख्खं आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग. घरमालक प्रेमाने लग्नाच्या मांडवातली पातळ वायर आणून देतात. हिशोब करून बघा: १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३० मीटर, जाऊन येऊन ६० मीटर झाली, तिचा रेझिस्टन्स साधारण १ ओहम. चालू एसी सात अँपियर घेत असेल तर सातेक व्होल्ट वायरीतच जातात, हे चालेल, पण सुरू होताना तोच एसी क्षणभर ३० अँपियरच्या आसपास खेचतो, म्हणजे तिथेच ३० व्होल्ट खलास. प्लगला २०० असतील तर एसीला १७० मिळाले, उठणार कसा? तीच वायर २.५ ची असेल तर १२-१३ व्होल्टच पडतात. म्हणून स्वतःची २.५ स्क्वेअर एमएमची, लांब असेल तर ४ ची, तीन तारांची वायर, एका टोकाला १६ अँपियरचा टॉप (तीन पिनांचा प्लग) आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट, हे गाडीत कायम असू दे. वायर गुंडाळलेली ठेवून एसी चालवायचा नाही, पूर्ण उलगडायची, गुंडाळीत तापून वितळते. टॉप काढून पिना बघा, काळ्या किंवा हिरवट पडल्या असतील, प्लास्टिक वितळल्याचा वास येत असेल तर बिघाड तिथेच सापडला.

अर्थिंग तपासा. जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी झाली की अर्थिंग नावापुरतं उरतं. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ साधारण सारखं व्होल्टेज यायला हवं, तसं येत नसेल तर अर्थ धड नाही एवढं नक्की, आणि सारखं आलं तरी मीटरवर सगळं कळत नाही, शंका असली तर वायरमनला दाखवा. गाडीच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर एसीबिसी नंतर, आधी टॉप काढा. यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

एवढं सगळं खालीच होतं, छपरावर चढायची गरज अजून आलेली नाही. आत ग्रिल काढून फिल्टर धुवा, रिमोटचे सेल बदला, मोड कूलवर आहे ना ते बघा, हे सांगायला नको. पण ग्रिलच्या आत थंड हवा येते तो भाग आणि परत जाते तो भाग यांच्यामधला पडदा नीट बघा, ॲल्युमिनियमची टेप सुटलेली असली की थंड हवा गाडीत न येता तिथल्या तिथे परत खेचली जाते, एसीला वाटतं गाडी थंड झाली आणि तो बंद होतो, किंवा कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून फॉइल टेपचं एक रोल यादीत. बर्फ धरला असेल तर खरवडायचा नाही, फक्त पंखा चालू ठेवायचा, वितळेल. पावसात आणि ऑक्टोबरात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की १६ वर ठेवून पंखा हळू केला तर चांगल्या एसीवरही बर्फ बसतो. पंखा जोरात, २४-२५ वर ठेवा, आत ओले टॉवेल वाळत घालू नका.

दोन छोटे थर्मामीटर हवेत. एसी वीसेक मिनिटं चालू द्या, मग एक जिथून हवा आत खेचली जाते तिथे आणि एक जिथून थंड येते तिथे. ८ ते ११ डिग्रीचा फरक म्हणजे एसी काम करतोय. दमट दिवशी त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते, तेव्हा फरक जरा कमी आला तर लगेच गॅस गॅस करू नका.

आता छप्पर. सकाळी सात-साडेसातला, दव वाळल्यावर, ऊन तापायच्या आधी. शिडी आणि शिडी धरणारा माणूस, एकट्याने चढायचं नाही. वर टेकायला प्लायचा तुकडा, म्हणजे वजन पसरतं आणि पत्रा किंवा फायबर बसत नाही. डोक्यावरून घराकडे जाणारी लाईटची सर्व्हिस वायर आहे का हे खालूनच बघून ठेवा. आणि टॉप काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, घरात कुणीतरी चांगल्या मनाने परत लावतो. गाडीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर तोही बंद.

झाकण काढलं की कपॅसिटर. दुकानात याला कंडेन्सर म्हणतात आणि एसीच्या बाहेरच्या कॉइललाही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे फोनवर सांगताना घोळ होतो, फोटो पाठवा. टॉप काढला तरी यात करंट साठलेला असतो, हात लावायचा नाही. २० किलोओहम ५ वॉटचा एक रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपा लावून ठेवा, पिनांवर काही सेकंद धरा, मग मीटरवर शून्य दिसतंय का बघा. एकाच डब्यात दोन कपॅसिटर असतील तर कॉमन आणि हर्म (कॉम्प्रेसरची पिन), कॉमन आणि फॅन अशा दोन्ही जोड्यांवर धरायचा. डब्याचं डोकं फुगलेलं असेल, तेल आलं असेल तर गेला. दिसायला ठीक असला तरी मोजा, लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदला. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि तारा काढायच्या आधी फोटो. एक कपॅसिटर कायम गाडीत ठेवा, मालवण किंवा गुहागरला रविवारी नेमका तुमच्या मापाचा मिळेलच असं नाही.

मग खारं वारं. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडत असतील तर ते मिठाने खाल्लंय. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला अशा जेट्टीवरून फेरीने गाडी नेली की वाऱ्याबरोबर तुषार थेट छपरावर येतात, त्या संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं हा माझा नियमच झालाय. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा, मचूळ असेल तर त्याने धुण्यात अर्थ नाही. मोटर आणि वायरींवर प्लास्टिक बांधायचं, पाईपचं हलकं पाणी आतून बाहेरच्या दिशेने सोडायचं, सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप अजिबात नको, पात्या आडव्या होतात. आडव्या झालेल्या सरळ करायला पात्यांची फणी मिळते. धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय टॉप लावायचा नाही. आंब्याला मोहोर असताना झाडाखाली गाडी उभी असेल तर तुडतुड्यांचा चिकट रस कॉइलवर बसतो आणि त्यावर लाल धूळ, तो नुसत्या पाण्याने जात नाही, भांड्याचं सौम्य साबणपाणी आणि मऊ ब्रश. सुरूच्या बनात राहिला असाल तर त्या काड्या पाणी जायच्या भोकांत हमखास अडकतात आणि पाणी आत गळतं, एक पातळ तार बरोबर असू दे. कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का तेही बघा, पंख्याच्या पात्यावर थोडी माती बसली तरी आख्खी गाडी थरथरते. पंखा हाताने फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे.

एवढं करूनही फरक पडला नाही तर मेकॅनिक. गाडीच्या एसीवाला नको, विंडो एसीवाला बोलवा आणि त्याला सांगा हा विंडो एसीच आहे, छपरावर आडवा झोपवलेला, लगेच कळतं. तुमची वही आणि पाटीचा फोटो त्याला दाखवा. बहुतेक रूफटॉप एसी कारखान्यातून सीलबंद येतात, गॅस बघायला तोंडच नसतं, त्यामुळे नुसतं बघायला म्हणून पाईप टोचू द्यायचा नाही, हे आधीच आणि प्रेमाने सांगा. गॅस खरंच गेला असेल तर खुणा असतात: सांध्याजवळ तेलाचा डाग, कॉइल अर्धीच गार किंवा अर्ध्यावरच बर्फ, आणि व्होल्टेज बरोबर असूनही अँपियर पाटीपेक्षा बरेच कमी. या दिसल्या तर आधी लीक शोधणं, ब्रेझिंग (सांधा तापवून झाळणं), व्हॅक्यूम (पंपाने पाईपातली हवा ओढून काढणं), आणि मग पाटीवरचा ग्रॅमचा आकडा वजनकाट्यावर मोजून गॅस. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का हे फोनवरच विचारा, नसेल तर दोन दिवस पंख्यावर काढा आणि रत्नागिरी, कुडाळसारख्या मोठ्या ठिकाणी दाखवा.

उघडलेला एसी परत बसवताना आतून चार बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, एसीखालचं रबर दबून साधारण अर्ध्यावर आलं की बास, जास्त आवळलं तर रबर चपटं होऊन पावसात गळतं. आणि वरच्या झाकणाचे स्क्रू स्टेनलेसचे आणून ठेवा, जाताना दोन-चार जास्तीचे घ्या, साधे लोखंडी एका पावसाळ्यात असे गंजतात की पुढच्या वेळी स्क्रूचं नुसतं डोकंच हातात येतं.