कामगार नेमताना आणि कमी करताना: नव्या संहितांचा हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘आता ३०० कामगारांपर्यंत कोणालाही काढा’ अशी हाकाटी सुरू झाली. तसं नाही. १०० वरून ३०० वर गेली ती सरकारच्या पूर्वपरवानगीची मर्यादा, तीही कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती. नोटीस, भरपाई आणि ज्येष्ठतेचा क्रम लहान कारखान्यालाही चुकलेला नाही.

नेमतानाच पगाराची मांडणी तपासा. घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम असे वेतनातून वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, की वरचा भाग वेतनात धरला जातो. एकूण ४०,००० पैकी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि बाकी भत्ते २६,००० असतील, तर वेतन २०,००० धरायचं. ग्रॅच्युइटी या आकड्यावर निघते, म्हणून मूळ पगार कमी दाखवण्याची जुनी युक्ती आता फारशी चालत नाही.

काम हंगामी किंवा एका ऑर्डरपुरतं असेल तर ठरावीक मुदतीची नेमणूक द्या, पण लेखी आणि थेट कामगाराशी. पगार-सवलती कायम कामगाराइतक्याच, आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही. मुदत संपून गेलेला माणूस कपातीत, म्हणजे कामगार कमी करण्यात, मोडत नाही. घोळ होतो तो मुदत संपल्यावरही हजेरी चालू राहते तेव्हा. नवं पत्र नाही, रोजची हजेरी मात्र आहे. मग ‘मुदत संपली’ हा बचाव टिकवणं अवघड.

आता कपात. ज्या कामगाराची सलग वर्षभर सेवा झाली आहे त्याला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि ठरलेल्या पद्धतीने सरकारलाही कळवायचं. त्याच प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जातो. क्रम मोडायचा तर कारण नोंदवा.

उदाहरण घ्या: वेतन २६,०००, सेवा ८ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९.

नोटीस पगार: २६,०००
कपात भरपाई: १३,००० × ९ = १,१७,०००
ग्रॅच्युइटी: २६,००० × १५ ÷ २६ × ९ = १,३५,०००
पुनर्कौशल्य निधी (कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून): १५ दिवसांचं वेतन, १३,०००

ग्रॅच्युइटीला २६ ने भागतात, कपात भरपाईला अर्धा महिना धरतात. दोन्हीकडे एकच सूत्र लावणं ही सर्रास दिसणारी चूक. निधीची रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात पोचायला हवी, आणि राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. ‘पुढच्या पगाराबरोबर देतो’ म्हणण्याची सोय उरलेली नाही.

भरपाई मात्र पत्रासोबतच द्या. पत्र आज आणि पैसे पुढच्या आठवड्यात, असं केलं तर कपातच बेकायदा ठरू शकते, आणि मग कामगाराला मागील पगारासह कामावर परत घ्यायची वेळ येते.

३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तीन महिन्यांची नोटीस आणि परवानगी दोन्ही लागतात. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानतात.

वर्षभरात पुन्हा भरती काढली तर आधी कमी केलेल्यांना विचारा. कामगार दोन वर्षांपर्यंत दाद मागू शकतो, तेव्हा ज्येष्ठता यादी, नोटिसांची पोच आणि बँकेची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवा.