वयस्कर माणसाला रक्त चढवायला नेताना

गेल्या मे महिन्यात आईचं हिमोग्लोबिन ५.२ आलं आणि मी फक्त रक्ताच्या पिशव्यांमागे धावले. तिथेच चुकले. उद्या मावशीला न्यायचंय, म्हणून मावसभावासाठी लिहून काढतेय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनीही वाचा.

आधार कार्ड, विम्याचे कागद, चष्मा, कवळी घेतालच. जुने रिपोर्ट शोधा. हिमोग्लोबिन हळूहळू उतरलंय की आठवड्याभरात कोसळलंय, यावर पुढचं बरंच ठरतं. गोळ्यांची यादी नको, पाकिटंच उचला. रक्त पातळ करणाऱ्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या तर आवर्जून दाखवा, पोटात रक्तस्राव होत असेल तर धागा तिथे सापडतो. शौचाला डांबरासारखं काळं होतंय का, हे घरीच विचारा. आई संकोचाने बोललीच नव्हती.

आता मुख्य गोष्ट. पहिली पिशवी लावण्याआधी तपासणीचं रक्त काढून घ्यायला लावा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), लोह, बी १२, फॉलिक अ‍ॅसिड, रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या लाल पेशी), स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं रक्त). क्रॉसमॅचसाठी, म्हणजे पिशवीतलं रक्त जुळतंय का बघायला, सुई टोचणारच आहेत, तेव्हाच दोन नळ्या जास्त भरायच्या. रिपोर्टसाठी रक्त थांबवायचं नाही, नमुना तेवढा आधी हवा. एकदा दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या की चित्र गढूळ होतं. दुसऱ्या दिवशी रक्तविकारतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न केला, "आधीचा नमुना?" नव्हता. अडीच महिने कारण शोधण्यात गेले आणि आई पुन्हा ६ वर आली. निघाली बी १२ ची कमतरता. इंजेक्शनांवर ती आता ११ वर आहे. म्हणून निवासी डॉक्टरांना सांगा, सिस्टरांना सांगा, कागदावर लिहून हातात द्या. पिशवीच्या आधी.

"एकदम तीन लावून टाका" असा हट्ट धरू नका. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं, आणि म्हाताऱ्या हृदयाला भराभर चढवलेलं रक्त पेलत नाही, फुप्फुसात पाणी साचतं. पायाला सूज येत असेल, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसेल, तर हे आधीच सांगा. एक पिशवी, सावकाश, पण चार तासांच्या आत संपणारी.

उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्ताची ओढाताण असते. ई-रक्तकोष या सरकारी वेबसाइटवर रक्तपेढ्यांमधला साठा बघून मगच रिक्षा करा; आम्ही पुण्यात वडगावहून निघून राजाराम पुलापाशी पाऊण तास अडकलो होतो. फॉर्मवर आणि नळीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं, नाहीतर रक्तपेढीतून परत पाठवतात, आणि पाठवायलाच हवं.

पिशवीवरचं नाव, गट जुळवून घ्या. पहिली १५ मिनिटं खाटेपासून हलू नका. थंडी, खाज, कंबरदुखी, धाप यातलं काहीही झालं तर लगेच सिस्टरांना हाक मारा. घरी आल्यावरही धाप वाढली तर परत न्या. पुढच्या हिमोग्लोबिनची तारीख लिहून घ्या.

आणि नळ्या. पिशवीच्या आधी.