बर्फातला वाढदिवस: सणाच्या गर्दीत हरवू न देता कसा साजरा करावा

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा किंवा जानेवारीचा पहिला आठवडा, या दिवसांत जन्मलेल्या मुलाला एक वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं: "हे नाताळचं आणि वाढदिवसाचं मिळून." मोठ्यांना ते सोयीचं वाटतं, मुलाला मात्र ते लागतं. त्यात बाहेर गुडघाभर बर्फ साचलेला असेल तर बोलावलेली माणसं पोचतील की नाही, हीही धास्ती. दोन्ही अडचणी सुटणाऱ्या आहेत. पण त्या सुटतात आधी ठरवलेल्या गोष्टींनी, आयत्या वेळी केलेल्या धावपळीने नव्हे.

तारीख आणि आमंत्रण

सुट्टीत लोक बाहेरगावी जातात, म्हणून आमंत्रण पाच-सहा आठवडे आधी जायला हवं. वर्गातली मुलं बोलवायची असतील तर शाळेला सुट्टी लागण्याआधी त्यांच्या हातात पडायला हवं. सुट्टीत कोण कुठे आहे ते शोधत बसणं अवघड. खरी तारीख २४ ते ३१ डिसेंबरच्या मध्ये येत असेल तर मित्रमंडळींचा कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किंवा जानेवारीच्या मध्यावर घ्या. खऱ्या तारखेला घरातल्यांपुरता केक कापा, पण कापाच. तो दिवस कोरडा जाता कामा नये.

आमंत्रणातच राखीव तारीख आणि निर्णयाची वेळ छापा: "हवा बिघडली तर सकाळी ९ वाजता कळवू. मग कार्यक्रम पुढच्या रविवारी, याच वेळी." हे एक वाक्य लिहिलेलं असलं की दिवसभर येणारे फोन वाचतात. निर्णय बर्फ किती जाड पडला यावरून घेऊ नका. शांतपणे पडलेला १० सेंटीमीटर बर्फ साफ करता येतो. वाईट असतो तो वाऱ्याने उडणारा बर्फ, कारण त्यात समोरचं दिसत नाही. आणि त्याहून वाईट गोठणारा पाऊस, कारण तो रस्त्यावर काचेसारखा थर चढवतो. गोठणाऱ्या पावसाचा अंदाज असेल तर चर्चा न करता तारीख पुढे ढकला.

वेळ सूर्यास्तावरून मोजा. साठ अंश उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम पावणेसहा तासांचा असतो. सूर्यास्ताच्या अडीच तास आधी सुरुवात आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात निरोप, हा हिशोब चांगला जमतो. त्या अक्षांशांवर संधिप्रकाश रेंगाळतो, त्यामुळे शेवटी दिवे लावण्याची मजा मिळते आणि दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा घट्ट गोठायच्या आत लांबचे पाहुणे वाटेला लागतात.

वाढदिवस वेगळा दिसला पाहिजे

भेटवस्तूला नाताळचा लाल-हिरवा कागद वापरू नका. साधा निळा किंवा पिवळा कागद, वेगळं कार्ड आणि त्यावर फक्त वाढदिवसाचा मजकूर. वाढदिवसाची भेट नाताळच्या झाडाखाली ठेवू नका. तिला दुसरी जागा द्या, मग ते खिडकीजवळचं छोटं टेबल का असेना. घरभर सणाची सजावट असेल तर ती काढायची गरज नाही. एक खोली किंवा निदान एक भिंत वाढदिवसाची ठेवली तरी पुरे. वाढदिवस नेमका २५ डिसेंबरला असेल तर दिवसाची वाटणी करा: दुपारपर्यंत वाढदिवस, नंतर नाताळ. ही वाटणी दरवर्षी तीच ठेवा, म्हणजे मुलाला आपला वाटा पक्का ठाऊक असतो.

बर्फाचे दिवे

हिवाळी वाढदिवसाला कुठल्याही दुसऱ्या ऋतूत न मिळणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे बर्फाचा कंदील. हा नीट जमला तर दुसरी सजावट लागत नाही, म्हणून याला वेळ द्या.

आठ ते दहा लिटरची, वर रुंद आणि खाली निमुळती प्लॅस्टिकची बादली घ्या. काठापासून तीन-चार सेंटीमीटर जागा सोडून पाणी भरा आणि बाहेर बर्फावरच ठेवा. बर्फावरच का, तर साचलेला बर्फ उष्णता अडवतो, त्यामुळे बादलीचा तळ सगळ्यात उशिरा गोठतो. वरून आणि बाजूंनी भिंत धरते, तळाशी पाणी राहतं. बादली उलटी केली की तोच तळ कंदिलाचं उघडं तोंड होतो. उघड्या फरशीवर ठेवलेल्या बादलीचा तळही गोठून बसतो आणि मग तो फोडत बसावं लागतं.

उणे १० अंशांच्या आसपास भिंत धरायला एक रात्र ते पाऊण दिवस लागतो. वारा असेल तर लवकर. बाजूने बघून भिंत तीन-चार सेंटीमीटर झाली की थांबवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. "आणखी थोडं घट्ट होऊ दे" म्हणून बादली तशीच ठेवली की पाणी आतपर्यंत गोठतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आतल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि कंदिलाला उभी भेग जाते, कधी बादलीलाही.

काढताना बादली दहा-पंधरा मिनिटं घरात ठेवा किंवा बाहेरून कोमट पाणी ओता. उकळतं पाणी नको, त्याने बर्फ तडकतो. बर्फ सुटल्याचा हलका "टक्" आवाज येतो, मग उलटा करा. तळाशी पातळ पापुद्रा असेल तर तो स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून आतलं पाणी ओतून द्या. ते घरापासून लांब, चालायच्या वाटेवर नव्हे. आत सेंटीमीटरभर वाळू पसरा आणि मेणबत्ती काचेच्या लहान बरणीत घालून ठेवा. नुसती ठेवली तर वितळलेल्या पाण्यात वात बुडून अर्ध्या तासात विझते.

तापमान शून्याजवळ असेल तर बादलीचा उपयोग नाही, पण तेव्हा बर्फ ओला आणि चिकट असतो. मग गोळ्यांचा कंदील करा: आठ-नऊ गोळ्यांचं कडं, त्यावर प्रत्येक थराला एकेक गोळा कमी करत आणि थोडं आत सरकवत टोक गाठा. मेणबत्ती शेवटचे दोन थर रचण्याआधी पेटवा, नंतर हात आत जात नाही. गोळ्यांमधल्या फटींतून प्रकाश झिरपतो तो फार सुंदर दिसतो.

पेटवायला लायटर नेणार असाल तर तो आतल्या खिशात ठेवा. त्यातला ब्युटेन वायू शून्याच्या जरा खाली गेला की द्रवच राहतो आणि ठिणगी पडूनही ज्योत धरत नाही. काडेपेटी बरी. सेलवर चालणारे दिवे लावायचे असतील तर साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, लिथियमचे टिकतात.

फुगे

फुगे थंडीत आक्रसतात. २० अंशांच्या खोलीतून उणे १५ मध्ये नेलेल्या फुग्यातली हवा सुमारे १२ टक्क्यांनी कमी जागा घेते, त्यामुळे तो सुरकुततो. घाबरू नका, आत आणल्यावर तो पूर्ववत होतो. उलट चूक मात्र महागात पडते: थंड जागेत ताणून भरलेला फुगा उबदार खोलीत येऊन फुटतो. थंडीने रबरही कडक होतं. फुगे घरातच भरा आणि घरातच लावा.

केक

गाडीतून आणताना केक सीटवर ठेवू नका. सीट मागे उतरती असते, केक खोक्यात घसरून एका बाजूला टेकतो. डिकीची सपाट जागा किंवा पायांखालची जागा योग्य. पायांशी ठेवलात तर तिथला हीटर बंद करा. बाहेर शून्याखाली तापमान असेल तर व्हिप्ड क्रीमचा केक शीतपेटीत घालून आणा. ती पेटी जशी गारवा धरते तशीच ऊबही धरते. व्हिप्ड क्रीम गोठून वितळलं की पाणी सोडतं आणि केकच्या कडेला चिकट डबकं होतं.

बटरक्रीम थंडीत दगडासारखं होतं, कारण त्यात मुख्यतः लोणी असतं. घरी आणल्यावर खोकं बंद ठेवूनच दीड-दोन तास खोलीत राहू द्या. उबदार हवेतली वाफ मग खोक्यावर बसते, केकवर नाही. उघडाच ठेवलात तर त्यावर दव धरतं, फॉन्डंट (साखरेच्या लगद्याचं आवरण) चिकट होतो आणि अक्षरांचा रंग ओघळतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा.

केक बर्फात कापावा अशी हौस अनेकांना असते. मेणबत्त्या विझतात, क्रीम कडक होतं, हातमोजे काढावे लागतात. केक घरातच कापलेला बरा; बाहेर मुठीत मावणारं काहीतरी द्या.

बाहेरचा खेळ

लहान मुलांसाठी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर, मग आत ऊब, मग पुन्हा बाहेर. थर्मामीटरवर विसंबू नका: उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. कपड्यांत अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पाडतं. पाचही बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा बोटं एकत्र राहणारे जास्त उबदार. पाहुण्या मुलांसाठी दोन-तीन जोड जादा ठेवा, कारण एक तरी मूल भिजलेले मोजे घेऊन दारात उभं राहतंच.

काय खेळायचं ते बर्फ ठरवतो. मूठभर बर्फ दाबून बघा. गोळा झाला तर बर्फाचा माणूस होईल. पिठासारखा भुरभुरला तर तो कोरडा आहे, त्याचा गोळा होणार नाही. मुलं हिरमुसण्याआधी दुसरा खेळ काढा. फवाऱ्याच्या अर्धा लिटर बाटलीत पाणी भरून त्यात खाण्याच्या रंगाचे पंधरा-वीस थेंब घालून बर्फावर चित्रं काढता येतात. फवाऱ्याचं तोंड गोठलं की बाटली थोडा वेळ आत आणा. रंग कपड्यांवर पडला तर निघत नाही, तेव्हा जुनी जाकिटं.

उणे १२ च्या खाली आणि वारा अजिबात नसेल तर साबणाचे गोठणारे फुगे करा: २०० मिलिलिटर गरम पाणी, ३५ मिलिलिटर कॉर्न सिरप, ३५ मिलिलिटर भांड्यांचं लिक्विड, दोन मोठे चमचे साखर. साखर विरघळवून मिश्रण पूर्ण गार करा. नळीने सावकाश फुंकून फुगा बर्फावर टेकवा. खालून पिसांसारख्या नक्षी चढत जातात आणि काही सेकंदांत फुगा पांढरा होतो. वाऱ्याची झुळूक आली की तो फुटतो, म्हणून भिंतीच्या आडोशाला बसा.

रस्त्याकडेला ढकललेल्या बर्फाच्या ढिगात मुलांना बोगदा खणू देऊ नका. ढीग खचतो, आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. नाकाचं टोक, गाल किंवा बोटं पांढुरकी आणि बधिर दिसली तर लगेच आत घ्या. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका; काखेत किंवा तळहातांत धरून ऊब द्या. बधिरपणा तसाच राहिला किंवा फोड आले तर डॉक्टर गाठा.

दार, वाट आणि परतीचा प्रवास

पंधरा पाहुणे म्हणजे तीस ओले बूट. दारात काठ असलेले ट्रे किंवा जुनी टॉवेलं पसरा, आणि जाड सुके मोजे आणायला आमंत्रणातच सांगा. कोट पलंगावर टाकणार असाल तर खाली प्लॅस्टिकची चादर अंथरा.

वाट पावलांनी दाबली जाण्याआधी फावड्याने साफ करा. दाबलेला बर्फ खरवडावा लागतो. मीठ त्यानंतर. साधं मीठ उणे ९-१० पर्यंतच नीट काम करतं, त्याखाली वाळू टाका. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय धरते. हृदयविकार असलेल्या माणसाला फावडं हातात देऊ नका. थंडीतला हा श्रम वाटतो त्यापेक्षा जड असतो.

कोळशाची शेगडी किंवा बाहेर वापरायचा गॅस हीटर गॅरेजमध्ये अथवा बंद मंडपात लावू नका, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने, पाहुण्यांनी गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, हे मागे जाऊन बघायचं. लांब राहणाऱ्यांसाठी दोन-तीन जादा पांघरुणं काढून ठेवा. मुक्काम करावा लागला तर संकोच वाटत नाही. वीज गेली तर फ्रिज उघडू नका: बंद राहिला तर आतलं अन्न सुमारे ४ तास टिकतं, आणि भरलेला फ्रीझर ४८ तास.

निरोप देताना मेणबत्त्या विझवा, पण कंदील मोडू नका. सावलीत, उत्तरेकडच्या भिंतीशी नेऊन ठेवलेत आणि हवा शून्याखाली राहिली तर ते कित्येक दिवस टिकतात. डिसेंबरातल्या वाढदिवसाचे कंदील नव्या मेणबत्त्या घालून वर्षाच्या शेवटच्या रात्री पुन्हा लावा. कुणी विचारलं तर हे वाढदिवसाचे आहेत, हे त्या मुलालाच सांगू द्या.