कुस्ती सुटली, आता पुढं काय?

गुडघा गेला किंवा वय झालं, मैदान बंद झालं की पैलवानाला पहिला त्रास होतो तो पहाटे, चारला डोळे उघडतात आणि जायला तालीम नसते. म्हणून पहिलं काम, उठायची वेळ मोडू नका, पण जोर-बैठका एकदम बंद न करता हळूहळू कमी करा आणि त्याच हिशोबानं तूप, बदाम, थंडाई पण कमी करा, नाहीतर मेहनत थांबते नि खुराक तसाच राहतो, मग वजन, बीपी, शुगर सगळं मागं लागतं.

मग कागदं काढा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, सर्टिफिकेटं वेळेत पडताळून घ्या, वयाची अट बघा.

शिकवायची आवड असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा करा. पैलवान काका पवारांनी पुण्यात तालीम उभी केली, त्यांच्याच हाताखाली राहुल आवारे २०१८ ला कॉमनवेल्थ गोल्डपर्यंत गेला. सगळ्यांना एवढं जमेल असं नाही, गावच्या तालमीत संध्याकाळी चार पोरांना ढाक नि भारंदाज हे डाव नीट करून दाखवलेत तरी खूप आहे.

आणि मन लागत नसेल तर वस्तादांशी बोला राव, ते पण यातनंच गेलेत.